तोंडपाठ नजर

समोरून नंबरकाका येताना दिसले की पोरं सरळ रस्ता बदलायची. काका मारकुटे होते असं मुळीच नाही. उलट खिशात कायम गोळ्या असायच्या. पण त्यांच्यासमोर नुसते डोळे बारीक करायची चोरी होती! ऊन असो, धूळ असो, नाहीतर उगाच गंमत म्हणून असो, एखाद्या पोराने पापण्या जवळ आणल्या रे आणल्या की काका भर रस्त्यात थांबलेच म्हणून समजा. "ए बाळा, त्या समोरच्या पाटीवर काय लिहिलंय रे?" पाटी वाचता आली तर गोळी. नाही आली तर आधी गोळी आणि मग आईबापांचं नाव-पत्ता. संध्याकाळी स्वारी त्या घरी हजर.

चष्म्याचं दुकान होतं त्यांचं. तीस वर्षं लोकांना नंबर सांगून सांगून स्वतःचं नाव मागे पडलं आणि नंबरकाका हेच नाव चिकटलं. स्वतःच्या नाकावर मायनस सातच्या जाडजूड काचा. माणूस दुकानाची पायरी चढतो कसा, पाटीकडे बघताना मान कुठे वळवतो, यावरून ते मनातल्या मनात नंबर ठरवायचे आणि मग तपासणीत तोच निघाला की स्वतःवरच खूश व्हायचे. आईबाप मंडळींशी मात्र त्यांचं रोजचं भांडण. कुणी म्हणायचं, चष्मा लावला की नंबर वाढतो. "अहो, मग चपला घातल्या की पाय वाढतात का?" कुणी म्हणायचं, मुलीच्या नाकावर चष्मा बरा दिसत नाही. "आणि तिने फळ्याऐवजी भिंत वाचली तर बरं दिसेल होय?" कुणी म्हणायचं, गाजरं खाल्ली की उतरतो ना नंबर? गाजराचं नाव काढलं की काकांचा आवाजच चढायचा. "गाजरं खा, भरपूर खा, चांगली असतात! पण ती पोटात जातात हो, फळ्यावरची अक्षरं त्यांना कुठून दिसणार?"

मग शांत होऊन ते आपलं नेहमीचं भाषण द्यायचे. मुलांना रोज दोन तास उघड्यावर खेळू द्या. पुस्तक हातभर लांब धरायला लावा. अर्धा तास वाचलं की मान वर, लांब बघा जरा. सहा महिन्यांनी नजर तपासा, तक्रार असो वा नसो. पोर स्वतःहून सांगणार नाही, कारण त्याला वाटतं सगळ्यांना असंच दिसतं. आणि भाषणाच्या शेवटी छाती फुगवून एक वाक्य ठरलेलं: "नाही पटत? आमची घार बघा!"

घार म्हणजे त्यांची नऊ वर्षांची मुलगी. नाव काकांनीच पाडलेलं. सहा वर्षांची असताना तिने तक्त्यावरची शेवटची, मुंगीएवढ्या अक्षरांची ओळ न अडखळता म्हणून दाखवली, तेव्हा काकांना आकाश ठेंगणं झालं. बाप मायनस सात, आणि पोरीची नजर घारीची! तेव्हापासून दुकानात येईल त्याच्यासमोर घारीला खुर्चीत बसवून तक्ता वाचून दाखवायला लावायचे. घारही बसायची, पाय हलवत, हनुवटी वर करून, आणि सुरू करायची: "र, ग, प, न, क, त, म, ल, व, ट..." गाडी सुटली की शेवटच्या ओळीलाच थांबायची.

आता ते दुकान जरा समजून घ्या, नाहीतर पुढची फजिती कळायची नाही. दुकान जेमतेम दहा फूट लांब. नजर तपासायला वीस फूट लागतात. ते कुठून आणणार? मग या धंद्यात एक सोपी युक्ती असते. एका भिंतीवर तक्ता लावायचा, पण उलट्या अक्षरांचा. तक्त्याखाली गिऱ्हाइकाची खुर्ची. समोरच्या भिंतीवर मोठा आरसा. गिऱ्हाइकाने आरशात बघायचं, तिथे उलटी अक्षरं सुलटी दिसतात आणि दहाचे वीस फूट होतात. काका खुर्चीमागे छडी घेऊन उभे राहायचे. मागच्या खोलीत काकू यंत्रावर काचा घासून चौकटीत बसवायच्या आणि वर, माळ्यासारख्या दोन खोल्यांत सगळं बिऱ्हाड.

म्हणजे घार वाढली ती या दहा फुटांत. पाळण्यात होती तेव्हापासून दिवसाला वीस-पंचवीस माणसं तिच्या कानाशी "र, ग, प, न, क, त" म्हणत होती. सुट्टीच्या दिवशी स्टुलावर चढून तक्ता पुसायचं काम तिचंच, आणि तेही कसं, तर तक्त्याला नाक टेकवून. काकू काचा घासताना तोच तक्ता गुणगुणायच्या. पहिलीत असताना पोरगी अर्धी अक्षरं उलटी काढायची म्हणून बाई वैतागल्या होत्या. आता इतकं सगळं सांगितल्यावर तुमच्या लक्षात आलंच असेल. लक्षात आलं नाही ते एकट्या नंबरकाकांच्या! गावभरच्या पोरांच्या पापण्या मोजणारा माणूस, पण स्वतःच्या पोरीला तीन वर्षं एकच तक्ता दाखवत राहिला आणि तीन वर्षं खूश होत राहिला.

कुणी शहाणा विचारेल, की चष्मेवाल्याकडे दुसरी यंत्रं नसतात का? असतात ना. डोळ्यात उजेड टाकून बघायची कांडी काकांच्या खणात होती. पण तक्त्यावर जो पास झाला त्याच्यासाठी कांडी काढायची कशाला, असा त्यांचा शिरस्ता. आणि घार तर नुसती पास नव्हे, पहिली यायची.

पहिल्यांदा पकडलं ते सासूबाईंनी. काकूंच्या आई, मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्यायला लेकीकडे आल्या आणि इथेच राहिल्या. डोळा साफ झाल्यापासून त्यांना जगातला सगळा कचरा दिसायला लागला होता. कोपऱ्यातलं जाळं, जावयाच्या कॉलरवरचा मळ, शेजारणीच्या पापडासारख्या कोरड्या केसांतल्या कोंड्याचा एकेक कण. दुपारभर त्या दुकानाच्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला न्याहाळायच्या. एक दिवस शाळा सुटली आणि घार समोरच्या फुटपाथवरून येताना दिसली. सासूबाईंनी हात केला. पोरीनेही हात केला, पण टपालाच्या पेटीला.

दुसऱ्या दिवशीही तेच. या खेपेला त्यांनी हात न करता गुपचूप बसून पाहिलं. घार चार पावलांवर आली तरी तिला आजी दिसली नाही. आजी खोकली तेव्हा कुठे पोरगी हसली.

"जावईबापू," सासूबाई आत येऊन म्हणाल्या, "पोरीला लांबचं दिसत नाही."

काका तेव्हा एका बाईंना चौकटी दाखवत होते. त्यांच्या कपाळावर आठी पडली. "सासूबाई, हा माझा धंदा आहे."

"म्हणून तर तुम्हाला सांगतेय. टपालाच्या पेटीला हात करते ती."

"खेळत असेल. लहान मूल आहे."

"टीव्हीच्या इतकी पुढे बसते की मला कार्टूनऐवजी तिचं डोकं दिसतं. दाराशी उभी असले तरी विचारते, कोण आहे? आणि तो शाळेचा कागद वाचलात ना? शेजारच्या मुलीशी सतत बोलते म्हणे. काय बोलत असेल, विचारलंत कधी? फळ्यावर काय लिहिलंय, तेच विचारत असणार."

हा शेवटचा मुद्दा काकांना फारसा आवडला नाही, कारण त्या शेऱ्यावरून त्यांनी घारीला आठवडाभर टीव्ही बंद केला होता. त्यांनी हातातली चौकट खाली ठेवली, घारीला हाक मारली आणि खुर्चीकडे बोट दाखवलं. "बस. सासूबाई, तुम्हीही बघा. बाई, तुम्हीही थांबा दोन मिनिटं."

घारीने सवयीने डावा डोळा तळहाताने झाकला. काकांनी छडी अक्षरावर टेकवेपर्यंत पोरगी पुढे, छडी मागे. मग उजवा डोळा. शेवटची ओळ तर तिने एका दमात संपवली: "श, ज, भ, ण, द, च!" काकांनी आरशात बघून एक डोळा मिटला. हे त्यांचं दोघांचं गुपित. घारीने शेवटची ओळ म्हटली की आरशातून डोळा मारायचा. तीन वर्षांत एकदाही पोरीने उलट डोळा मारला नव्हता. काकांना वाटायचं, लाजते.

"झालं समाधान?" काका म्हणाले.

"तिने आरशाकडे बघितलंसुद्धा नाही," सासूबाई म्हणाल्या. "ती त्या पंख्याकडे बघत होती." पण गिऱ्हाईक बाई टाळ्या वाजवत होत्या, काका हसत होते आणि म्हातारीचं बोलणं त्या गडबडीत वाहून गेलं.

यानंतर महिन्याभराने काकूंनी तक्त्याचा विषय काढला. "अहो, तुमच्या तक्त्यालाच आता मोतीबिंदू झालाय. पार पिवळा पडलाय. शेवटची ओळ कुणाला वाचता येत नाही ती डोळ्यांमुळे की तक्त्यामुळे, देव जाणे." काकांनी कुरकुर केली, पण चौकटी आणि काचा पुरवणारा माणूस पुढच्या फेरीला आला तेव्हा त्याच्याकडून नवा तक्ता घेतला. पांढराशुभ्र, मागून दिवा लागणारा, अर्थातच उलट्या अक्षरांचा. जुना काढून नवा लावताना दुपारचे चार वाजले. तेवढ्यात घार शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि पाणी प्यायला वर पळाली.

"घारू, खाली ये!" काकांनी हाक मारली. "नव्या तक्त्याचं उद्घाटन तुझ्या हस्ते." आणि विक्रेत्याकडे वळून म्हणाले, "आता बघा नजर कशी असते."

घार आली. खुर्चीत बसली. पाय हलवले. हनुवटी वर. काकांनी दिवा लावला आणि छडी पहिल्या अक्षरावर टेकवली. पहिलं अक्षर होतं ह, विटेएवढं.

"र; ग, प; न, क, त; म, ल, व, ट; ध, ख, य, स, ब; श, ज, भ, ण, द, च!"

विक्रेता खो खो हसत सुटला. त्याला वाटलं, पोरगी मस्करी करतेय. सासूबाई पायरीवरून उठल्या. मागच्या खोलीत काचेचं यंत्र बंद झालं. घारीला कळेना की यात हसण्यासारखं काय. "झालं ना? जाऊ का मी?" ती म्हणाली.

काकांच्या हातात छडी तशीच. त्यांनी एकदा तक्त्याकडे पाहिलं, एकदा आरशात पाहिलं. "घारू," ते अगदी हळू म्हणाले, "हे पहिलं, सगळ्यात मोठं अक्षर. हे काय आहे?"

"र."

"नुसतं म्हणून नको दाखवूस. बघून सांग."

घार खुर्चीत पुढे सरकली. डोळे बारीक केले. तेच, ज्यासाठी काका गावातल्या पोरांना रस्त्यात अडवायचे, तसेच. अगदी तसेच. "बघून?" तिने विचारलं. "बघून कसं सांगायचं? ते तर पाठ करायचं असतं ना?"

काका खाली, पायरीवर बसले. चष्मा काढून पुसला. पुसतच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान बंद ठेवून तिघं डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. लहान मुलांची नजर नीट तपासायची तर थेंब घालून डोळ्यांचे स्नायू सैल करावे लागतात, हे काका आजवर दुसऱ्यांना ऐकवत आले होते. आज बाकावर बसून थेंबांची वाट बघायची पाळी त्यांची. पाऊण तासाने डॉक्टरीणबाईंनी घारीला तपासलं आणि म्हणाल्या, "उजवा मायनस तीन. डावा पावणेतीन."

आणि मग नंबरकाकांच्या तोंडून जे निघालं ते ऐकून काकूंनी कपाळाला हात लावला. "नक्की ना, डॉक्टर? परत एकदा बघता का? म्हणजे... सुरुवातीला थोडा कमी नंबर दिला तर? सवय नको व्हायला. आणि गाजरं वगैरे..." गाजर तोंडातून निसटलं आणि त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

डॉक्टरीणबाई समजूतदार. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "पूर्ण नंबर द्यायचा, दिवसभर लावायचा. गेलेली नजर चष्म्याने परत मिळते, पण नंबर काही मागे जायचा नाही. तो पळतोय, त्याला चालायला लावू. त्यासाठी रोज झोपताना हा एकेक थेंब. दर सहा महिन्यांनी माझ्याकडे. बाहेर किती वेळ खेळते?"

"रोज दोन..." काकांनी सुरुवात केली. काकूंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. ते पाहणं असं होतं की काकांचं वाक्य तिथेच मेलं. खरंच, कधी खेळायची पोरगी बाहेर? शाळेतून आली की दुकान. दुकानात काउंटरखाली बसून गोष्टीची पुस्तकं, नाकाला लावून. ते दोन तासांचं भाषण देत होते तेव्हाही ती तिथेच, त्यांच्या पायाशी, काउंटरखाली असायची. "नाही खेळत," काका म्हणाले. "माझ्यामुळे नाही खेळत."

परत येताना थेंबांमुळे घारीच्या डोळ्यांवर उजेड येत होता, म्हणून काकांनी तिला स्वतःची टोपी घातली. ती नाकापर्यंत आली. टोपीखालून ती म्हणाली, "बाबा, मी दुसऱ्यांनाही शिकवलं. चालेल ना?"

"काय शिकवलं?"

"तक्ता. तुम्ही शाळेतल्या मुलांना तपासायला दुकानात बोलावता ना, ती घाबरतात. नापास झालं तर चष्मा लागतो म्हणतात. मग मी मधल्या सुट्टीत त्यांच्याकडून पाठ करून घेते. सगळी पास झाली, बाबा! एकही नापास नाही."

काका रस्त्यात थांबले. "किती जणं?"

घारीने बोटं मोजली. "सात."

काकूंना हसू फुटलं, ते त्यांनी पदरात कोंबलं. काकांना मात्र हसू येईना. त्या सातही मुलांच्या घरी त्यांनी अभिमानाने सांगितलं होतं, तुमच्या पोराची नजर खणखणीत आहे. ते चालायला लागले आणि म्हणाले, "घारू, मी डोळा मारायचो, तेही तुला दिसत नव्हतं?"

"कधी?"

"दर वेळी. शेवटची ओळ झाली की. आरशातून."

"मला वाटायचं तुम्ही नुसते उभे असता," घार म्हणाली. मग थोडं चालून झाल्यावर तिने जे विचारायचं होतं ते विचारलं. "आता चष्मा लागला. मग मला घार कोण म्हणणार?"

काकांनी तिच्या डोक्यावरची टोपी उगाच नीट केली. त्यांना त्या क्षणी स्वतःचा इतका राग आला की वाटलं, दुकानाची पाटीच उतरवून ठेवावी. पोरीला दिसत नव्हतं हे एक, पण आपण दिलेल्या नावाला जपायचं म्हणून ती आता डोळ्यांची तक्रारही करायची नाही, हे त्यांना जास्त लागलं. घरी गेल्यावर तिने परत तेच विचारलं, तेव्हा उत्तर दिलं ते सासूबाईंनी. "अगं वेडाबाई, घारीने काचा लावल्या म्हणून ती काय लगेच कोंबडी होते? घार ती घारच." घार हसली. पण तिने बापाकडे पाहिलं, आणि बाप खाली मान घालून चौकटींचे खण आवरत होता.

त्या दिवसापासून दुकानाच्या दारावर एक पुठ्ठा लटकू लागला. "दुकान पाच ते सात बंद. मालक खेळायला गेले आहेत." लोकांना वाटलं, काकांच्या डोक्यावर परिणाम झाला. मैदानात जाऊन पाहतात तर खरंच, पन्नाशीचा माणूस, मायनस सातचा चष्मा दोऱ्याने कानांना बांधून, मुलीबरोबर पकडापकडी खेळतोय आणि दर पाच मिनिटांनी कमरेवर हात ठेवून धापा टाकतोय.

खेळून झालं की ती सात घरं. जुन्या तक्त्यावरची अक्षरं सुलटी उतरवून काकांनी पुठ्ठ्याचे सुटे पत्ते केले होते. ते पत्त्यांसारखे पिसायचे आणि एकेक दाखवायचे. दाखवणं सोपं होतं. त्याआधीचं वाक्य अवघड होतं. पहिल्या दारी एक आई म्हणाली, "पण काका, तुम्हीच तर म्हणालात नजर एक नंबर आहे." काकांच्या कपाळाला घाम फुटला. "म्हणालो खरा. चुकलो." ते वाक्य त्यांच्या तोंडाला नवीन होतं, त्यामुळे पहिल्या दिवशी फार चिकटलं. पाचव्या घरापर्यंत जरा सैल झालं. सातांपैकी चौघांना खरंच लांबचं दिसत नव्हतं, त्यांना त्यांनी डॉक्टरीणबाईंकडे धाडलं. दोघं ठीक निघाली. आणि सातवा एक पठ्ठ्या होता, त्याची नजर अशी की पिसलेला पत्ता काकांनी पुरता वर काढायच्या आधी हा सांगून मोकळा. मग पाठ कशाला केलंस, विचारलं तर म्हणाला, "ती शिकवत होती, सगळे शिकत होते, मग मी एकटाच का राहू?" चष्मा मिळणार नाही कळल्यावर त्यानेच भोकाड पसरलं.

घारीच्या काचा काकूंनी स्वतः घासल्या. एरवी एका चष्म्याला त्या पाऊण तास घेत, याला चार दिवस घेतले. दोनदा कडा मनासारखी आली नाही म्हणून काच बदलली. त्या चार दिवसांत मागच्या खोलीतून गुणगुणणं ऐकू आलं नाही, हे सासूबाईंच्या लक्षात आलं.

पाचव्या दिवशी, शाळा सुटल्यावर, घार खुर्चीत बसली. पाय हलले नाहीत. काकांनी मागच्या भिंतीवरून नवा तक्ताही उतरवून ठेवला होता. आता तिथे ओळींनी लाकडी पट्ट्या, त्यांच्यावर उलट्या अक्षरांचे लहान-मोठे पत्ते अडकवायची सोय. रोज सकाळी पिसायचे, रोज नवे लावायचे. या दुकानात आता कुणालाच काही पाठ करता येणार नव्हतं, खुद्द मालकालाही नाही. काकूंनी चष्मा आणून घारीच्या कानांवर बसवला, मागे होऊन पाहिलं, नाकाजवळची कडी जरा दाबली.

"बघ," काका म्हणाले. छडी पहिल्या अक्षरावर टेकवली.

घारीने आरशात पाहिलं. खरोखर आरशात, पंख्याकडे नाही.

"स," ती म्हणाली.

"पुढचं."

"ब... आणि न. मग हे... त." तिचा आवाज एरवीसारखा धावत नव्हता. एकेक अक्षर ती चाचपून पाहत होती, अनोळखी जिना उतरताना पाय टाकतात तसं. दुसरी ओळ, तिसरी. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला होता. काकांनी छडी दोन हातांनी धरली होती. शेवटच्या ओळीत, मुंगीएवढ्या अक्षरांत, घार अडखळली. पुढे वाकली, परत मागे झाली. "म," ती म्हणाली. "हो, म."

ते भ होतं.

"चुकलीस!" काका ओरडले. इतक्या जोरात, की रस्त्यावरचा माणूस थांबून आत डोकावला. "चुकलीस गं! भ आहे तो! अहो सासूबाई, ऐकलंत? चुकली माझी घार! बघून चुकली!"

घार दचकली, आधी रडवेली झाली, मग तिला कळलं की बाप रागावलेला नाही. तिने आरशात नीट पाहिलं. तिथे, वीस फुटांवर, छडी दोन हातांत धरून तिचे बाबा उभे होते. जाड काचांच्या मागे डोळे भरलेले, नाक लाल, आणि हसू असं की आवरेना. हा चेहरा तिने इतक्या लांबून कधी पाहिलाच नव्हता. डोळा मारायचं बाबा साफ विसरले होते.

मग तिनेच मारला. एक डोळा मिटायची तिला सवय नव्हती, त्यामुळे दोन्ही मिटले. पण काकांना कळलं.